कर्णाच्या नावावर खपणाऱ्या पाच गोष्टी

सध्या तो मजकूर जिकडेतिकडे फिरतोय. वर मोठ्या अक्षरांत 'कर्ण का हरला?', मागे मावळता सूर्य आणि खाली पाच मुद्दे. द्रोणांनी सूतपुत्र म्हणून त्याला शिकवायला नकार दिला. द्रौपदीने भर स्वयंवरात त्याची जात काढली, म्हणून तो पुढे तसा वागला. कवचकुंडलं त्याने बदल्यात काहीही न मागता दिली. आपण कोण आहोत हे त्याला कुणी कळूच दिलं नाही, त्यामुळे तो स्वतःला सूतपुत्रच समजत राहिला, त्याची 'सेल्फ इमेज' लहान राहिली आणि तो मोठा होऊ शकला नाही. आणि तो कधीच हरला नव्हता, शेवटी कपटाने मारला गेला. खाली उपदेश: 'लोकांनी तुम्हालाही असंच अडवलंय. तुमच्यातला सूर्यपुत्र जागा करा!'

माझ्यापर्यंत हा मजकूर भाच्याकडून पोचला. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. क्लासच्या ग्रुपवर सरांनी टाकला, याने स्टेटसला ठेवला. यंदा पूर्वपरीक्षेत थोडक्यात राहिलाय, मनाला लागलंय त्याच्या. ते मला समजतं. पण घरच्या ग्रुपवर माझ्या बहिणीने त्याला एवढंच विचारलं, "अरे, सभेत कर्ण द्रौपदीला काय काय बोलला, ते?" त्यावर याचं उत्तर आलं, "तिने आधी त्याचा अपमान केला होता ना. मग?"

हा 'मग?' मला सहन झाला नाही.

आधी मी कशाच्या आधारावर बोलतेय ते सांगते. कर्ण खरोखर होऊन गेला का, हा वाद मला इथे घालायचा नाही. महाभारत नावाच्या ग्रंथातल्या एका थोर पात्राबद्दल आपण बोलतोय, तेव्हा ग्रंथात काय आहे ते बघायचं. आणि तो ग्रंथ नीट बघायची सोय आपल्या पुण्यातच झालेली आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. वि. स. सुखठणकरांनी 1925 पासून त्याची सूत्रं सांभाळली, 1943 साली ते गेल्यावर बेलवलकर आणि प. ल. वैद्यांनी ते पुढे नेलं, आणि 1966 साली काम पूर्ण झालं. देशभरातली 1,259 हस्तलिखितं ताडून बघितली गेली. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्यांत जे टिकून आहे ते वर मूळ मजकुरात घेतलं, आणि जे काही थोड्याच पोथ्यांत सापडतं ते खाली टिपांत दिलं. म्हणजे टाकून काहीच दिलेलं नाही. वर काय आहे आणि खाली काय आहे, एवढं बघायचे कष्ट घ्यायचे.

आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत कर्णावर गाजलेल्या कादंबऱ्या आल्या. आमच्या पिढीने त्या रडत रडत वाचल्या. कादंबरीकाराला कर्णाकडे हव्या त्या डोळ्यांनी बघायचा हक्क आहे, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण कादंबरीतला किंवा मालिकेतला कर्ण पुढे करून 'महाभारतात असं आहे' म्हणायचं आणि त्यावर विशीतल्या मुलांना आयुष्याचे धडे द्यायचे, हे चालणार नाही.

"द्रोणांनी शिकवायला नकार दिला."

हे सपशेल चूक आहे. आदिपर्वात द्रोणांकडे शिकायला कोण कोण आलं ते सांगताना राधेय कर्णाचं नाव स्पष्ट आहे. 'सूतपुत्र' असा उल्लेख करूनच ते दिलं आहे. वनपर्वात तर कर्ण स्वतःच्या तोंडाने सूर्याला सांगतो, की माझं अस्त्रबल मोठं आहे, ते मला परशुरामांकडून आणि महात्म्या द्रोणांकडून मिळालंय. खुद्द विद्यार्थी सांगतोय की ते माझे गुरू होते. त्यापुढे आणखी कुणाची साक्ष काढायची?

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. शांतिपर्वात नारद युधिष्ठिराला सांगतात, की कर्णाने द्रोणांकडे एकांतात ब्रह्मास्त्र मागितलं आणि द्रोणांनी ते नाकारलं. ते व्रतस्थ ब्राह्मणालाच द्यायचं किंवा तपस्वी क्षत्रियाला, दुसऱ्या कुणालाही नाही, असं कारण दिलं. हा जन्मावरून केलेला भेद आहे आणि तो अन्यायच आहे. द्रोणांनी शिष्यांचं शस्त्रकौशल्य लोकांना दाखवलं त्या रंगभूमीवर, सगळ्यांसमोर भीमाने 'हातात चाबूक घे' म्हणून त्याला हिणवलं, तेही नीचपणाचं होतं. हे सगळं महाभारत लपवत नाही. पण 'एक अस्त्र नाकारलं' आणि 'शिकवायलाच नकार दिला' यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. आदिपर्वातल्या त्याच जागी, कर्ण द्रोणांकडे आला हे सांगितल्यावर लगेच पुढे काय म्हटलंय ते या मजकूरवाल्यांनी वाचलेलं नाही: तो अर्जुनाशी स्पर्धा करी, त्याला काही सहन होत नसे, आणि दुर्योधनाच्या आश्रयाने तो पांडवांना तुच्छ लेखी. 'स्पर्धमानस्तु पार्थेन.' ग्रंथ त्याला शाळेत आणतो तो या शब्दांनी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"द्रौपदीने जात काढली, म्हणून तो तसा वागला."

आता खरा मुद्दा. बाकीचे चारही चुकीचे असते आणि हा एक नसता, तर मी लिहायला बसले नसते.

स्वयंवरात कर्ण धनुष्य उचलतो, आणि द्रौपदी ओरडते की मी सूताला वरणार नाही. हा प्रसंग सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतो, कारण तो पडद्यावर पुन्हापुन्हा दाखवला गेलाय. प्रचलित छापील पोथ्यांत तो श्लोक आहे हे खरं. पण सुखठणकरांनी आदिपर्व सिद्ध केलं तेव्हा तो मोजक्याच हस्तलिखितांत सापडला, म्हणून त्याची जागा खाली टिपांत आहे. वर मूळ मजकुरात काय आहे? ब्राह्मणवेशातला अर्जुन धनुष्याकडे निघतो, तेव्हा जमलेले ब्राह्मण आपापसांत कुजबुजतात. त्यातला एक म्हणतो, 'यत्कर्णशल्यप्रमुखैः पार्थिवैर्लोकविश्रुतैः' जे धनुष्य वाकलं नाही, ते हा पोरगा काय वाकवणार? कर्ण, शल्य असे जगभर नाव असलेले बलवान धनुर्धर राजे, आणि त्यांच्याकडून ते धनुष्य वाकलं नाही. थोडक्यात, कर्णाने प्रयत्न केला आणि त्याला जमलं नाही. द्रौपदीने तोंडही उघडलेलं नाही.

धृष्टद्युम्न स्वयंवराची अट सांगताना बळ आणि रूप यांच्याबरोबर कुळाचाही उल्लेख करतो, हे मी नाकारत नाही. कुणी म्हणेल, मग मनातून ती नाहीच म्हणाली असती. म्हणाली असती कदाचित. पण 'म्हणाली असती' यावरून एका बाईला भर सभेत उघडं करायचा हुकूम रास्त ठरतो का?

कारण हुकूम दिला तो कर्णाने. हे सांगितलं की लोक दचकतात. सगळ्यांच्या डोक्यात दुःशासनाचा हात आणि दुर्योधनाची मांडी असते. सभापर्व उघडा. द्रौपदीने प्रश्न विचारलाय, की आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार होता का? भीष्म गोलगोल बोलतायत, बाकीचे गप्प आहेत. उभा राहतो तो विकर्ण, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. तो म्हणतो, ही जिंकली गेलेली नाही. सभेत त्याची वाहवा होते. त्या क्षणी ते सगळं थांबू शकत होतं. ते थांबू दिलं नाही कर्णाने. तो चिडून उठतो. विकर्णाला पोर म्हणून गप्प करतो. पाच नवऱ्यांची म्हणून द्रौपदीला बंधकी, म्हणजे वेश्या म्हणतो. अशी बाई एकवस्त्रा आणली काय किंवा विवस्त्र आणली काय, त्यात नवल नाही, असं म्हणतो. आणि मग दुःशासनाला सांगतो: पांडवांची वस्त्रं काढून घे, आणि द्रौपदीचीही. 'पाण्डवानां च वासांसि द्रौपद्याश्चाप्युपाहर.' हे शब्द त्याचे आहेत.

आता मजकूर म्हणतो की हे स्वयंवराच्या जखमेतून आलं. ठीक. मग कर्णालाच विचारू. उद्योगपर्वात, युद्धाच्या तोंडावर, कृष्ण त्याला रथात बसवून एकांतात घेऊन जातो. त्या संभाषणात कर्ण आपण होऊन या दिवसाचा विषय काढतो. पांडवांना मी जे कडू शब्द बोललो ते 'प्रियार्थं धार्तराष्ट्रस्य', दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून बोललो, आणि आज त्याचा मला पस्तावा होतोय. हे बोलणं भर सभेतलं नव्हतं, खोटं बोलायचं कारण नव्हतं. समोर कृष्ण होता. स्वयंवरातल्या अपमानाचं कारण खरं असतं तर ते सांगायला याहून चांगली वेळ कुठली होती? त्याने ते सांगितलं नाही. मित्राला खूश करण्यासाठी तसं बोललो, हे त्याने कबूल केलं आणि वर पस्तावला.

म्हणजे कर्ण स्वतः जे कारण देत नाही ते आपण त्याच्या वतीने देतोय, आणि तो स्वतः ज्याची लाज बाळगतो ते आपण धुऊन टाकतोय. कशासाठी? 'तिने आधी नाही म्हटलं होतं' हे कारण विशीतल्या मुलाच्या हातात देण्यासाठी. नकार मिळाला म्हणून मुलीच्या मागे लागणारी, तिचे फोटो पसरवणारी, त्याहून भयंकर काही करणारी मुलं याच भाषेत बोलतात. 'तिने माझा अपमान केला.' स्पर्धा परीक्षेचा क्लास चालवणाऱ्या, उद्या ज्यांच्या हातात पोलीस ठाणं आणि तहसील कचेरी येणार आहे त्यांना शिकवणाऱ्या माणसाने हे लिहून पाठवावं? माझा संताप होतो, आणि तो मी लपवणार नाही.

"कवचकुंडलं काहीही न मागता दिली."

तो दानी होता, यात वाद नाही. पण न मागता नाही. वनपर्वात सूर्य आधी स्वप्नात येऊन त्याला सावध करतो, देऊ नकोस म्हणून विनवतो, आणि तरी द्यायचीच असतील तर बदल्यात इंद्राची अमोघ शक्ती माग असं सुचवतो. कर्ण तसंच करतो. शक्ती घेतो आणि मग कवच उतरवून देतो. पुढे तीच शक्ती घटोत्कचावर खर्ची पडते.

या प्रसंगात मला दान कमी आणि बापलेकाचं बोलणं जास्त महत्त्वाचं वाटतं. कर्ण म्हणतो, मला जिवापेक्षा कीर्ती प्यारी आहे. आणि सूर्य म्हणतो, मेलेल्या माणसाला कीर्ती काय करायची, 'मृतस्य कीर्त्या किं कार्यं', ज्याच्या देहाची राख झाली त्याला कीर्ती कळतही नाही, जिवंत माणूसच ती भोगतो. ज्या बापाने जन्मापासून अंगावर कवच दिलं, तो इतकं साधं आणि मायेचं बोलतोय. कर्णाला ते ऐकूच येत नाही. 'मी कुणाला नाही म्हणत नाही' ही त्याची स्वतःबद्दलची कल्पना त्याच्या जिवापेक्षा मोठी झालेली आहे. स्वतःबद्दलची कल्पना माणसाला अडवते, असं मजकुरात म्हटलंय. बरोबर आहे. फक्त कुठली कल्पना, ते चुकलंय.

"आपण कोण आहोत हे त्याला कळलंच नाही, म्हणून तो लहान राहिला."

आता इथे मी थोडी थांबणार आहे, कारण हा मुद्दा वरवर फार शहाणा वाटतो.

त्याला कळलं होतं. कृष्ण सांगतो तेव्हा कर्णाचं पहिलंच उत्तर आहे, की हे सगळं मी जाणतो, धर्माने मी पंडूचा मुलगा आहे. नंतर कुंती गंगेच्या काठी येऊन सांगते, आणि सूर्य तिच्या बोलण्याला आकाशातून दुजोरा देतो. नंतर शरशय्येवरून भीष्म सांगतात. युद्धाआधी दोनदा, युद्ध चालू असताना एकदा. कृष्ण तर नुसतं सांगून थांबत नाही. राज्य तुझं, पाचही भाऊ तुझे पाय धरतील, युधिष्ठिर तुझ्यामागे चवरी घेऊन उभा राहील, इथपर्यंत समोर ठेवतो. मजकुराच्या हिशेबाने इथे 'सूर्यपुत्र' जागा व्हायला हवा होता आणि सगळं बदलायला हवं होतं. काहीच बदललं नाही.

का नाही बदललं, याचं कर्णाने दिलेलं कारण दोन भागांत आहे. पहिला भाग इतका सुंदर आहे की त्यापुढे हात जोडावेत. तो म्हणतो, कुंतीने मला टाकलं. अधिरथाने मला घरी नेलं. मला बघून राधेला पान्हा फुटला. तिने माझी हागमूत काढली. अधिरथाने माझे संस्कार केले, वसुषेण नाव ठेवलं, माझी लग्नं लावून दिली, मला मुलं-नातवंडं झाली. सगळी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या, तरी हे नातं मी खोटं करणार नाही. आता सांगा, याला स्वतःला लहान समजणारा माणूस म्हणायचं? रंगभूमीवर राज्याभिषेकाचं पाणी डोक्यावरून निथळत असताना, म्हातारा अधिरथ काठी टेकत आला तेव्हा, हाच कर्ण सगळ्यांसमोर त्याच्या पायाशी वाकला होता. सूतपुत्र असण्याची त्याला लाज नव्हती. ती लाज या मजकुराला वाटतेय. 'तुमच्यातला सूर्यपुत्र जागा करा' म्हणजे काय? राधेचा मुलगा असणं कमी, आणि देवाचं बीज असणं जास्त, असंच ना? कर्णावर जन्मावरून अन्याय झाला म्हणून गळा काढायचा आणि शेवटी मोठेपणा परत जन्मावरच नेऊन ठेवायचा!

उत्तराचा दुसरा भाग मात्र वेगळा आहे, आणि माझ्या मते कर्णाचं सगळं अडलेपण तिथे आहे. तो कृष्णाला म्हणतो, आता जर मी अर्जुनाशी समोरासमोर लढलो नाही, तर माझी आणि पार्थाची दोघांचीही अपकीर्ती होईल. नुकतंच निःसंशय झालंय की अर्जुन आपला सख्खा धाकटा भाऊ आहे. हे युद्ध आपण हरणार, दुर्योधन मरणार, हेही तो त्याच बैठकीत सांगतो. या युद्धाचं एका मोठ्या यज्ञाचं रूपक करून त्यात कुणाकुणाची आहुती पडणार, तेसुद्धा सांगतो. इतकं स्वच्छ दिसणाऱ्या माणसाला त्या द्वंद्वाच्या पलीकडचं दिसत नाही.

आणि हे त्या दिवशीचं नाही. रंगभूमीवर तो पहिल्यांदा लोकांसमोर येतो, तेव्हा त्याचं पहिलं वाक्य अर्जुनाला उद्देशून आहे: पार्था, तू जे केलंस ते मी तुझ्यापेक्षा सरस करून दाखवतो. करूनही दाखवतो. मग दुर्योधन त्याला मिठी मारतो, म्हणतो, मी आणि हे कुरूंचं राज्य तुझंच समज. त्यावर कर्ण काय मागतो? 'कृतं सर्वेण मेऽन्येन', मला बाकी काही नको, तुझी मैत्री हवी आणि पार्थाशी द्वंद्व हवं. बाकी सगळं नको! जन्मभर तो या एका वाक्यात राहिला. जगाने त्याच्या पुढ्यात 'बाकी सगळं' कितीतरी वेळा आणून ठेवलं, आणि त्याने ते दर वेळी बाजूला सारलं.

काय होतं हे बाकी सगळं? अंगदेशाचं राज्य त्याला त्याच दिवशी मिळालं. शांतिपर्वात येतं, की जरासंधाला त्याने झुंजीत असं नमवलं की तो खूश होऊन मालिनी नगरी देऊन गेला. चंपेवरही तो राज्य करत होता. म्हणजे स्वतःच्या बळावर राजा. पण त्या राज्यात त्याने काय केलं, प्रजेसाठी काय उभं केलं, याबद्दल महाभारतात जवळपास काहीच नाही, कारण तो आपल्याला भेटतो तो हस्तिनापूरच्या दरबारात, दुर्योधनाच्या शेजारी. कर्णपर्वात शल्य आणि तो भांडतात. कर्ण मद्र देशाच्या बायकांबद्दल वाटेल ते बोलतो, तेव्हा शल्य उलट म्हणतो, तू ज्यांचा राजा आहेस त्या अंगदेशात आजारी माणसांना टाकून देतात आणि बायकामुलं विकतात. भांडणातला टोमणा आहे, तो पुरावा म्हणून मी धरत नाही. पण कर्ण आपल्या राज्याच्या बाजूने काही सांगेल अशी वाट मी तिथे बघत राहते, आणि तसं ठोस काही तो सांगत नाही.

त्याहून मोठा पुरावा म्हणजे ते दहा दिवस. युद्धाआधी भीष्म दोन्हीकडच्या वीरांची गणती करतात आणि कर्णाला अर्धरथी, म्हणजे अर्धाच योद्धा, म्हणतात. कर्ण भडकतो आणि जाहीर करतो, की भीष्म जिवंत आहेत तोवर मी लढणार नाही. युद्ध अठरा दिवसांचं. भीष्म दहाव्या दिवशी पडले. पहिले दहा दिवस, अर्ध्याहून जास्त युद्ध, कौरवांचा सगळ्यात भरवशाचा योद्धा लढाईत नाही. ज्या दुर्योधनाच्या उपकारांसाठी सख्ख्या भावांना सोडलं, ज्याचं कारण कृष्णापुढे आणि कुंतीपुढे दिलं, त्याच दुर्योधनाची माणसं दहा दिवस मरत होती. एका शब्दावरून. तेव्हा तो कुणाचा ऋणी होता? त्याला कुणी अडवलं होतं? द्रोणांनी? द्रौपदीने? कुठला शाप होता तो? त्याच्या मनातली स्वतःची जी मूर्ती होती, डावलला गेलेला, अर्जुनाच्या तोडीचा, ज्याला कुणी कमी लेखता कामा नये असा वीर, तिला ओरखडा गेला आणि त्या मूर्तीसाठी त्याने मित्रालाही वाऱ्यावर सोडलं.

शरशय्येवर भीष्म त्याला सांगतात, की मी तुला टोचून बोललो ते तुझं तेज कमी व्हावं म्हणून, बाकी शौर्यात तुझ्यासारखा दुसरा नाही. आयुष्यभर जे ऐकायची आस होती ते ऐकायला मिळालं, तेही खुद्द भीष्मांच्या तोंडून. भीष्म म्हणतात, भावांकडे जा. कर्ण म्हणतो, आता नाही. माफी मागतो, नमस्कार करतो आणि लढायला जातो. अपमान दूर झाला की माणूस मोकळा होतो, हा या मजकुराचा सगळा पाया आहे. इथे अपमान दूर झालाय, ओळख मिळालीय, कौतुक मिळालंय. माणूस तिथेच आहे.

मला कर्ण आवडतो. हे सगळं लिहितानाही आवडतो. पस्तावण्याइतकं मन त्याच्याकडे होतं, स्वतःचा शेवट बघण्याइतके डोळे होते, राधेबद्दल असं बोलण्याइतकी माया होती. म्हणूनच त्याला बिचारा करून टाकलेलं मला बघवत नाही. त्याच्यावर अन्याय झाला आणि त्यानंतर त्याने जे केलं ते त्याने निवडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि यांतली एक खोडली की महाभारतातला कर्ण राहत नाही.

"तो कधीच हरला नाही."

घोषयात्रेत, म्हणजे दुर्योधन वनात आपली गाईगुरं बघायला गेला तेव्हा, गंधर्वांनी कर्णाचा रथ मोडला आणि तो विकर्णाच्या रथातून निघून गेला, मागे दुर्योधन पकडला गेला आणि त्याला सोडवलं पांडवांनी. विराटाच्या गाई पळवायला गेले तेव्हा एकट्या अर्जुनाने सगळ्यांना परतवलं, त्यात कर्ण होता. युद्धाच्या चौदाव्या दिवशी भीमाने त्याला पुन्हापुन्हा मागे रेटलं, मग त्याने भीमाला नमवलं आणि कुंतीला दिलेल्या शब्दाखातर सोडून दिलं. तो फार मोठा योद्धा होता. अजिंक्य नव्हता, आणि त्याने काही बिघडत नाही.

रुतलेल्या चाकाशी झटत असताना अर्जुनाने त्याला मारलं, हे खरं आहे, आणि ते धर्मयुद्धाच्या नियमात बसत नाही. इतकं मी देते. पण त्या वेळी कर्णाने धर्माची आठवण काढल्यावर कृष्णाने विचारलं, की द्रौपदीला एका वस्त्रात सभेत आणलंत तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता? मजकुरात चाक आहे, हा प्रश्न नाही. आणि द्रोणांच्या सांगण्यावरून एकट्या पडलेल्या अभिमन्यूचं धनुष्य तोडलं ते कर्णाने, तेही नाही.

मी हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. त्याचं म्हणणं पडलं, की मावशी, सर म्हणतात त्यात भावना महत्त्वाची, संदर्भ नाही. सरांना माझं सांगणं आहे: भावना तर संदर्भातच आहे. कृष्णाच्या रथातलं ते बोलणं एकदा वर्गात मोठ्याने वाचा, अर्धा तास लागेल. ते जमणार नसेल तर निदान दुसरा मुद्दा त्या मजकुरातून आजच काढा, आणि ज्या ग्रुपवर तो टाकलात, त्याच ग्रुपवर का काढला ते लिहा.